बत्तिस्ताच्या शेतात आणलेलं पाणी

युरोपात जाऊन आलेल्या माणसानं काय सांगायचं असतं, हे आता मला तोंडपाठ झालंय. तिकडचे रस्ते स्वच्छ, गाड्या वेळेवर, माणसं रांगेत उभी राहतात आणि कोणी कोणाच्या घरात डोकावत नाही. शाळेत, पंचायत समितीत, राजापूरच्या बाजारात लोक हेच ऐकायला येतात आणि मी हेच सांगते. ते खोटं नाही. पण मी तिकडे रस्ते बघायला गेले नव्हते. ज्यासाठी गेले होते त्याचं काय झालं ते कोणी विचारत नाही, म्हणून लिहायला बसलेय. वाचून उत्साह वाटेल असं यात फारसं काही नाही, हे आधीच सांगून टाकते.

निघण्याआधी

आमची वाडी राजापूर तालुक्यात, समुद्रापासून बरीच आत. मी तिथं राहते आणि जवळच्या शाळेत शिकवते. वाडीत बायका, म्हातारी माणसं आणि पोरं, पुरुष मुंबईला. वाडी वर कातळावर आणि पऱ्या, म्हणजे ओढा, खाली, त्यामुळे पौष उजाडला की हंड्यावर हंडा चढवून पाणी वर आणायचं हे आमच्या पाचवीला पुजलेलं. पऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी अडवून डोंगराच्या कडेकडेनं पाट काढला तर ते आपल्या पायांनी वाडीत येईल, असं वर्षानुवर्षं सगळे बोलतात. कुदळ मात्र कोणी उचललेली नाही.

तालुक्यात श्रमदानाची शिबिरं घेणारी एक संस्था आहे. तिच्या ओळखीची युरोपातली एक संस्था तिकडच्या ओस पडलेल्या डोंगरी गावांत तरुण मुलामुलींची शिबिरं घेते. त्यांनी कळवलं की इटलीतल्या एका गावात पाण्याचा जुना पाट दुरुस्त करायचाय, तुमच्याकडची दोन माणसं पाठवा, प्रवासाचं आम्ही बघतो. माझं नाव पुढं आलं ते मला मोडकंतोडकं इंग्रजी येतं म्हणून. दुसरं नाव मी सुचवलं, माझ्या आतेभावाचं.

प्रकाश तेव्हा चोवीस वर्षांचा होता. मुंबईत गिरणीत लागला होता. गिरणी बंद पडली तसा वाडीत परत आला. पहिले काही महिने नुसता बांधावर बसून असायचा. मग कधीतरी त्याच्या डोक्यात पाट शिरला. पाणी आलं तर भाताच्या खालच्या दोन कुणग्यांत सुपारी लावीन, वरच्या अंगाला काजू, मुंबईचं तोंड बघणार नाही, असं तो बोलू लागला. हातात काठी घेऊन डोंगराच्या कडेनं पाट कुठून जाईल ते आखत फिरायचा. प्रकाश वाडीत राहतो की परत जातो, हा एवढाच प्रश्न होता. वाडीत राहतो म्हणणारा त्याच्या वयाचा तो एकटा होता, म्हणून तो माझाही प्रश्न होता.

निघायचं ते नेमकं लावणीच्या दिवसांत. आत्या कपाळाला हात लावून बसली.

"लावणीच्या टायमाला दोन मान्सं भायेर निगाली! लोक काय म्हनतील गो?"

"लोकांना बोलव लावणीला," मी म्हटलं.

ती हसली नाही. प्रकाश बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "जा घेवन त्याला. तिकडं कोन गावात ऱ्हात आसंल तर त्याला नीट दाव बाय. त्याचा जीव हितं ऱ्हायला पायजे."

गाव

गावाचं नाव लिहीत नाही. लिहूनही उपयोग नाही, ते नाव घेणारं आता तिथं कोणी नाही. उत्तर इटलीतला डोंगर, खाली दूर दरीत मोटारींचा रस्ता, वर दगडी घरं. शंभरेक उंबऱ्यांचं गाव असावं. चूल पेटत होती ती एकाच घरात.

त्या घरात बत्तिस्ता राहायचा. पंच्याहत्तरीचा, कमरेत थोडा वाकलेला, डोक्यावर कायम टोपी. आम्ही बारा-तेराजण होतो. डच, स्पॅनिश, आयरिश मुलंमुली आणि आम्ही दोघं. शिबिराची प्रमुख मारिके नावाची डच मुलगी. तिला इटालियन यायचं, म्हणून म्हाताऱ्याचं बोलणं आमच्यापर्यंत तिच्यामार्फत पोचायचं. पहिल्या दिवशी त्यानं आम्हा दोघांना समोर उभं करून विचारलं, "तुमच्याकडे डोंगर आहेत?" प्रकाशनं हातानंच उंची दाखवली. "आणि माणसं?" प्रकाशनं हात खाली केला. म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती आणि तरी दिवसभर दोघांची बडबड चालायची. प्रकाश त्याला सरळ मराठीत 'आजोबा' म्हणायचा.

घरं बघवत नव्हती. आमच्याकडे घर बंद असलं तरी गणपतीला उघडतं, सारवलं जातं. तिथं दारं उघडीच होती आणि आत झाडं वाढलेली. एका घरात पाळणा तसाच पडलेला. स्पॅनिश मुलं त्याचे फोटो काढत होती. मला त्यांचा राग आला, पण करणार काय, त्यांना ते सुंदर दिसत होतं. मला त्यात आमची खालची वाडी दिसत होती, जिथं सात घरांपैकी पाच घरांना कुलपं आहेत.

जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, वर चीज. पहिले दोन दिवस प्रकाशनं ते निमूट खाल्लं, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आक्का, ह्याच्याबरोबर सुकट आसती तर!" मी आईनं बांधून दिलेलं कुळथाचं पीठ काढलं आणि सगळ्यांसाठी पिठी केली. आयरिश मुलीनं एक घोट घेऊन वाडगा सभ्यपणे बाजूला सरकवला. बत्तिस्तानं मात्र तीनदा घेतली आणि वाडगा पावानं पुसून लख्ख केला.

कपडे धुवायला गावात दगडी कुंड होतं. तिथं प्रकाशनं पहिल्याच रविवारी आपल्या पद्धतीनं कपडे दगडावर आपटायला घेतले. मारिकेची पँट त्यानं मोठ्या मनानं धुवायला घेतली आणि तिची बटणं चारी दिशांना उडाली. अख्खं शिबिर कुंडाभोवती वाकून बटणं शोधत होतं. इतकं मनापासून हसल्याचं त्यानंतर मला आठवत नाही.

पाट

पाट कशासाठी हे मारिकेनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. बत्तिस्ताचा मुलगा पिएरो तुरीनला मोटारींच्या कारखान्यात होता. कारखान्यातून माणसं कमी केली, त्यात त्याचंही काम गेलं. म्हातारा त्याला म्हणाला, घरी ये. मुलगा म्हणाला, पाण्याशिवाय तिथं येऊन काय करू? दरड कोसळून वरून येणारा पाट फुटला होता आणि शेतं कोरडी पडली होती. पाणी आलं तर येईन, असं मुलानं म्हटलं होतं. म्हाताऱ्यानं खालच्या दरीतल्या पाद्रीबाबांना सांगितलं, पाद्रीबाबांनी संस्थेला, आणि तिथून फिरत फिरत निरोप आमच्या राजापुरात आला.

प्रकाशनं हे ऐकलं आणि त्याला दहा हत्तींचं बळ आलं. "बगितलंस आक्का? त्याची पन गिरनीच ती. येतोय का न्हाय बग." तो सगळ्यांच्या आधी उठायचा. दरडीचे दगड काढणं, बाजूचा बांध रचणं, सगळं मुलं आनंदानं करत होती. पाट पाझरायचा तिथं मात्र चिखल भरून तुडवावा लागे, आणि म्हाताऱ्यानं बूट काढून तुडवायला सुरुवात केली तेव्हा प्रकाशनं विजार वर करून त्याच्या शेजारी उडीच मारली. आमचा बंधारा आम्ही असाच तुडवतो. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नाचल्यासारखे तुडवत होते, मग बाकीचीही उतरली. त्या दिवसांत मला खरोखर वाटलं होतं की जमेल. इथं जमलं तर आमच्याकडेही जमेल.

पाणी सोडलं ती सकाळ. म्हातारा पाण्याच्या पुढं पुढं चालत होता, काठीनं पालापाचोळा बाजूला सारत. पाणी थांबायचं, खड्डा भरायचं, पुन्हा निघायचं. ते त्याच्या वालाच्या वाफ्यात शिरलं तेव्हा त्यानं टोपी काढली. प्रकाश मला म्हणाला, "आक्का, गाऱ्हानं घालाया पायजे."

"नारळ कुठाय?"

त्यानं म्हाताऱ्याच्या घरातून गेल्या वर्षीचा अक्रोड आणला, पाटाच्या तोंडाशी दगडावर फोडला आणि घसा खाकरून सुरू केलं. "बा देवा, ह्या जाग्याच्या म्हाराजा! आमी लांबचे हाव, आमाला तुजं नाव ठावं न्हाय. ह्या म्हाताऱ्याचा पोर लांब गेलाय, त्याला आपल्या जाग्यावर आन. ह्या पान्याचा त्याला उपेग होवंदे." मी एकटीच "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मग डच, स्पॅनिश सगळी जमेल तशी "व्हय म्हाराजा" म्हणायला लागली. म्हातारा टोपी छातीशी धरून उभा होता. अक्रोडाचा गर सगळ्यांना वाटायला पुरला नाही.

रविवार

पुढच्या रविवारी पिएरो येणार असं कळलं. दुपारी खालून गाडी आली. पिएरो उतरला, चाळिशीचा, बापासारखाच रुंद कपाळाचा. मागून एक जर्मन जोडपं उतरलं, त्यांच्याबरोबर तरणीताठी मुलगी.

प्रकाशनं मला कोपरानं ढोसलं. "आक्का, हे तर घर बगायला आलेत!"

वाचणाऱ्यांना हसू येईल, पण मलाही दुसरं काही सुचलं नाही. आमच्याकडे मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला येतात ती अशीच. आई, बाप, मुलगी. आई आधी विचारते पाणी कुठून आणायचं, बाप विचारतो रस्ता कुठवर आलाय, मग खोल्या बघतात, छप्पर बघतात. आणि हे लोक नेमकं तेच करत होते. बाई पाटाजवळ वाकून पाण्यात हात घालून बघत होती. बाप्या भिंतींवर हात थोपटत होता. पिएरो चाळिशीला आला तरी अजून बिनलग्नाचा आहे, हे मारिकेनं आधीच सांगितलेलं. मुलगी वयानं लहान वाटत होती, पण तिकडची पद्धत तिकडची.

मग काय, आम्ही मुलाकडचे झालो. प्रकाशनं धावत जाऊन अंगण झाडलं. मी पाण्याचे पेले आणले, गूळ नव्हता म्हणून मध ठेवला. आपल्याकडे पाहुण्याला आगर दाखवताना जसं एकेक झाड ओळख करून देतात, तसा बत्तिस्ता त्यांना घेऊन फिरत होता. हे सफरचंद माझ्या बापानं लावलं, हा चेस्टनट आजानं. त्याला वाटत होतं, मुलाच्या ओळखीची माणसं आलीत, आपलं गाव बघताहेत. प्रकाश पुढं होऊन हातवारे करत पाटाची थोरवी सांगत होता. त्यांना वर पाटाच्या तोंडापर्यंत घेऊन गेला, पाणी किती जोरात येतं ते दाखवायला पाणी अडवायची फळी वर उचलली. बाप्यानं काहीतरी विचारलं. मारिकेनं ते म्हाताऱ्याला सांगितलं. म्हातारा अभिमानानं म्हणाला, दिवसरात्र येतं, उन्हाळ्यातही आटत नाही. बाप्यानं बायकोकडे बघून मान हलवली.

"पसंत हाय," प्रकाश माझ्या कानात म्हणाला.

गाडी गेली. पिएरो मागं राहिला आणि बापाला घेऊन आत गेला. मी मारिकेला विचारलं, मुलगी काय करते, शिकलेली आहे का. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं सांगितलं. ते जोडपं घर आणि जमीन विकत घेणार होतं, उन्हाळ्यात येऊन राहण्यासाठी. त्या बाप्यानं विचारलेला प्रश्न असा होता, की पोहायची टाकी बांधली तर हे पाणी तिला पुरेल का.

मला हे प्रकाशला मराठीत सांगावं लागलं. दुसरं कोण सांगणार? ऐकून तो पाहुण्यांचे पेले गोळा करायला लागला.

संध्याकाळी पिएरो बाहेर येऊन आमच्याजवळ बसला. तो काही वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घातल्या असत्या. प्रकाशनं माझ्यामार्फत मारिकेला म्हटलं, "त्याला विचार, पानी आलं तर येनार म्हनला व्हता ना?"

पिएरोनं एकदा घराच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणालो होतो. मला वाटलं होतं, पाणी काही येत नाही. पाणी नसताना ही जागा कोणी फुकटसुद्धा घेतली नसती. मग कधीतरी मला यावंच लागलं असतं, बापासाठी. आता घेणारं माणूस आहे. हिवाळ्यात इथं बर्फ पडतं, बाप एकटा, मला शहरात दुसरं काम मिळतंय. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?"

मारिकेनं ते इंग्रजीत सांगितलं, मी मराठीत. मला राग येत होता तो कोणाचा हेच कळेना. एवढी तरुण पोरं, एवढे फोड आलेले हात, एवढं हसणं, आणि आमच्याच कष्टांनी म्हाताऱ्याचं घर विकण्याजोगं झालं होतं. काही केलं नसतं तर तो तिथं राहिला असता. हा विचार अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

बत्तिस्ता रडला वगैरे नाही. शिबिर संपायच्या आदल्या सकाळी मुलगा त्याला न्यायला आला तेव्हा त्याचं सामान एका पेटीत मावलं. त्यानं प्रकाशला हाक मारली आणि दोघं वर पाटाच्या तोंडाशी गेले. मी मागून गेले. म्हाताऱ्यानं आधी खाली जाऊन वालाच्या वेलांना पोटभर पाणी दिलं, एकेका वाफ्याला, सावकाश. शेंगा अजून धरायच्या होत्या. मग वर येऊन तो फळी धरून बसला. बसूनच राहिला. शेवटी त्यानं फळी प्रकाशच्या हातात दिली आणि तोंड फिरवलं. प्रकाशनं ती पाटाच्या तोंडात बसवली, चिखलानं कडा लिंपल्या. पाणी वळलं आणि पूर्वीसारखं ओढ्यात पडायला लागलं. खाली पाट बराच वेळ ओला होता.

परत

प्रवासात प्रकाश कामापुरतं बोलला. मी खूप बोलले. आपलं तसं नाही, म्हटलं. आपल्याकडे अजून माणसं आहेत, आत्या आहे, मी आहे, आपला पाट आपल्यासाठीच आहे. बोलताना माझं मलाच ते शाळेतल्या भाषणासारखं वाटत होतं. तो "व्हय, व्हय" म्हणत खिडकीबाहेर बघत होता.

मुंबईत उतरलो ती रात्र लालबागला त्याच्या जुन्या सोबत्याच्या खोलीवर काढली. दुसऱ्या दिवशी तो सकाळीच बाहेर पडला आणि दुपार उलटल्यावर आला. संध्याकाळच्या राजापूर गाडीचं दोघांचं आरक्षण होतं. स्टँडवर त्यानं माझी पिशवी फळीवर ठेवली, पाण्याची बाटली दिली आणि खाली उतरला. मला वाटलं, पान खायला गेला. तो खिडकीशी येऊन उभा राहिला.

"आक्का, तू जा. मला हितं वॉचमनचं काम भेटलंय. उद्यापासनं हजर व्हायचाय."

"आणि पाट?"

"पाट काय, खनतील लोक."

"प्रकाश, तूच नाहीस तर कोण खणणार?"

तो खिडकीच्या गजावर बोट फिरवत राहिला. "आक्का, मी त्या पिएरोच्या जागी आसतो तर त्यानं केलं तेच केलं आसतं. मला कळलं ते. मंग उगाच कशाला?" मग म्हणाला, "गनपतीला येतो की."

गाडी सुटली. पनवेलला कंडक्टरनं माझ्या शेजारच्या जागेवर एका माणसाला बसवलं. तो महाडपर्यंत घोरत होता.

सकाळी राजापूरच्या स्टँडवर उतरले तर आत्या उभी. पहिली गाडी पकडून वाडीतून आली होती, धुवट लुगडं नेसून. लावणी करून करून तिची बोटं चिघळली होती. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, पण तिची नजर गाडीच्या दारावर होती. माणसं उतरत होती. एक म्हातारा उतरला, दोन बायका, करंडा घेतलेला कोणी, मग कोणीच नाही. कंडक्टरनं दार ओढून घेतलं.

"प्रकाश मागच्या गाडीनं येतोय काय गो?" तिनं विचारलं.

मी "व्हय" म्हटलं.

"मंग थांबू या," ती म्हणाली आणि बाकावर जागा करून बसली. मीही तिच्या शेजारी बसले.